१/५/१९६० : आकडी तारखेची कुळकथा

गणकतक्त्यात, म्हणजे एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये, तारीख हा एक आकडा असतो. १ मे १९६०, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस, एक्सेलच्या लेखी २२०३७ आहे. पडद्यावर दिसते ते १/५/१९६० हे त्या आकड्याचे केवळ रूप. मॅक्रो किंवा स्क्रिप्ट लिहिताना तारखांचा जो घोळ होतो, तो बहुतेक वेळा आकडा आणि रूप यांच्या सांध्यावर होतो.

मुंबईत तारीख लिहिण्याच्या दोन रीती जुन्या आहेत. गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. पंचांगातली मिती महिन्यापासून सुरू होते : चैत्र शुद्ध १, शके अमुक. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांमधून रुळलेली तारीख दिवसापासून सुरू झाली : ता. १ मे. जयंत साळगावकरांनी १९७३मध्ये सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ने तिथी आणि तारीख एकाच चौकटीत घरोघरी नेली. क्रम उलटसुलट असूनही गफलत होत नसे, कारण महिन्याचे नाव अक्षरांत असे. महिनाही आकड्यात लिहिला जाऊ लागला, तेव्हा क्रमाला महत्त्व आले. इंग्रजांच्या वळणाने भारतात दिवस आधी लिहितात, अमेरिकेत महिना आधी; आणि गणकतक्त्याचे प्रोग्राम अमेरिकेत घडले.

पहिला लोकप्रिय गणकतक्ता व्हिजिकॅल्क १९७९चा. १९८३मध्ये आलेल्या लोटस १-२-३ने १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून पुढचे दिवस मोजले. त्यात १९०० हे लीप वर्ष धरले गेले. शतकाच्या वर्षाला ४००ने भाग जात नसेल तर ते लीप नसते, त्यामुळे २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस कधी उगवलाच नाही. लोटसच्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ही चूक राखली. तिथे ६० हा आकडा आजही त्याच दिवसाचा आहे. गूगल शीट्समध्ये शून्याचा दिवस ३० डिसेंबर १८९९ ठेवला आहे, म्हणून १ मार्च १९००पासून पुढे दोन्हींचे आकडे जुळतात.

१९००पूर्वीच्या तारखांचे काय होते, ते दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या उदाहरणावरून दिसते. त्याची स्थापना १ ऑगस्ट १८९८ची. एक्सेलच्या घरात ही तारीख नुसता मजकूर म्हणून पडून राहते. तिच्यावर वजाबाकी चालत नाही. एक्सेलची मॅक्रोभाषा व्हीबीए मात्र तिला उणे ५१६ हा आकडा देते.

व्हीबीए एक्सेलमध्ये १९९३मध्ये आली आणि क्रमाचा प्रश्न आणखी अवघड झाला. विंडोजची मांडणी भारतीय असेल, तर वर्गणीच्या नोंदींची सीएसव्ही फाइल हाताने उघडल्यावर तारखा बरोबर दिसतात. तीच फाइल मॅक्रोने उघडली आणि ‘लोकल’ हा पर्याय दिला नाही, तर अमेरिकी क्रम लागू होतो. मग १/५/१९६० ही ५ जानेवारी होते. २२०३७च्या जागी २१९२० येते. दिवस १३ किंवा त्यापुढचा असेल, तर तो महिना म्हणून वाचता येत नाही आणि ती तारीख मजकूरच राहते. उरलेल्यांपैकी वर्षातल्या १३२ तारखा दिवस आणि महिन्याची अदलाबदल होऊन मुकाट्याने बदलतात. रकान्यातल्या काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसणे ही या बिघाडाची ठळक खूण.

दुसरी अडचण घड्याळाची. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. प्रमाणवेळ ५ तास ३० मिनिटे पुढे. ३९ मिनिटांच्या या फरकाला गिरणी कामगारांनी विरोध केला आणि महापालिकेने आपली घड्याळे १९५५पर्यंत मुंबईच्या वेळेवर ठेवली. गूगल शीट्सच्या स्क्रिप्टमध्ये ग्रिनिचशी असलेला साडेपाच तासांचा फरक पूर्ण दिवसाचा होऊन बसतो. मुंबईत १ मेची मध्यरात्र होते तेव्हा ग्रिनिचला ३० एप्रिलचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तारीख मजकुरात बदलताना ‘एशिया/कोलकाता’ऐवजी ‘जीएमटी’ हा वेळपट्टा दिला, तर छापील पावतीवर आदला दिवस उमटतो. शिवाय या स्क्रिप्टच्या भाषेत महिने शून्यापासून मोजतात, म्हणजे मे हा ४. आणि रूप ठरवताना मोठा ‘एम’ महिन्याचा, छोटा मिनिटांचा.

क्रमाच्या वादावर १९८८च्या आयएसओ ८६०१ या मानकाने तोडगा दिला : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. १९६०-०५-०१ असे लिहिल्यावर दुसरा अर्थ निघत नाही आणि मजकूर म्हणून लावले तरी क्रम कालानुसारच लागतो. म्हणून फायलींची देवाणघेवाण या रूपात करावी. मॅक्रोत तारीख मजकुरातून ओळखायला न लावता वर्ष, महिना, दिवस वेगळे काढून ‘डेटसिरियल’ने घडवावी. हिशेब आकड्यावर करावा आणि दिवस-महिना-वर्ष हे ओळखीचे रूप शेवटी, वाचणाऱ्यासाठी द्यावे. १९००पूर्वीच्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवताना वर्ष, महिना आणि दिवस यांचे तीन रकाने ठेवावेत.