ओला-सुका हे नवीन खूळ नाही

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकजण वैतागून म्हणाले, "हे ओला-सुका नवीनच खूळ काढलंय!" नवीन कुठलं? कचरा वेगळा करायचा सरकारी नियम २००० सालचा आहे. पुण्यातल्या कचरावेचक बायका तर त्याआधीपासून सांगत होत्या, की घरातच वेगळा करून द्या, म्हणजे आम्हाला उकिरड्यात हात घालावा लागणार नाही. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या साथीने त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' सहकारी संस्था निघाली, बायका दारापर्यंत आल्या. आपण मात्र तिथेच! काल मावशींनी भाजीच्या देठांतून फुटका बल्ब काढला, बोट कापलं. बादली आमच्याच मजल्यावरची होती.