गोठ्यात वीज न्यायची आहे? एमसीबी आणि अर्थिंग असूनही धोका का राहतो, समजून घ्या

पावसाळा सुरू झाला की एक बातमी ठरलेली असते. पत्र्याच्या गोठ्यात करंट उतरला, दावणीची जनावरं दगावली, सोडवायला धावलेल्या माणसालाही झटका बसला. गोठ्यात ही वीज बहुतेकदा येते ती घरातल्याच बोर्डातून. एक साधी वायर, अंगणातल्या झाडाला वळसा, पत्र्यावरून आत, एक बल्ब. पुढे त्याच वायरवर पंखा लागतो आणि एक दिवस कडबाकुट्टीही.

पत्र्यात करंट येतो कसा?

घरात वापरायची वायर उन्हासाठी बनवलेली नसते. दोन-चार उन्हाळ्यांत तिचं आवरण कडक होतं, तडकतं. वाऱ्याने ती पत्र्याच्या धारेवर घासत राहते. आतलं तांबं एका जागी जरी पत्र्याला टेकलं, तरी पत्रा, लोखंडी खांब, पाण्याचा पाइप, दावणीची साखळी, सगळीकडे २३० व्होल्ट पोहोचू शकतात. वायरला आधार म्हणून बांधलेली लोखंडी तार किंवा त्याच खांबाला बांधलेली कपडे वाळत घालायची तारही याला अपवाद नाही.

जनावराला धोका माणसापेक्षा जास्त. माणसाच्या पायात निदान चप्पल असते. गाय-म्हैस चारही पायांनी शेण-मुताने ओल्या झालेल्या जमिनीवर उभी असते. पुढच्या आणि मागच्या पायांत मोठं अंतर असल्यामुळे जमिनीतून पसरणारा करंट एका टोकाने शिरून थेट छातीतून जातो.

मग एमसीबी पडत का नाही?

बहुतेकांची गल्लत इथे होते. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. लोड जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं, तरच तो पडतो. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब साधारण पाव ॲम्पिअर घेतो. त्याच्या निम्म्याहून कमी करंट छातीतून गेला तरी हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. १६ ॲम्पिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

‘पण अर्थिंग केलंय ना!’ तेही हिशेबात धरू. समजा अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहम आहे. पत्र्यात फेज उतरला तर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले २०, म्हणजे फार तर साडेअकरा ॲम्पिअर. एमसीबी १६ चा. त्याच्या लेखी नेहमीचंच काम चाललंय. तो पडणार नाही आणि पत्र्यातला करंट तसाच राहील. मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की हा रेझिस्टन्स आणखी वाढतो.

आरसीसीबी नेमकं काय करतो?

फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो सतत मोजतो. फरक पडला म्हणजे करंट कुठेतरी गळतोय: जमिनीत, पत्र्यात किंवा कुणाच्या तरी अंगातून. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, फरक तेवढा झाला की ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो.

गोठ्यासाठी तो वेगळा घ्या आणि घराच्या बोर्डातच बसवा. म्हणजे मधली केबलही त्याच्या संरक्षणात येते आणि गोठ्यात बिघाड झाला तर घर अंधारात जात नाही. सोबत एमसीबी लागतोच, कारण ओव्हरलोड आरसीसीबीला कळत नाही. कुणी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले आणि जमिनीशी संपर्क नसेल, तर तेही त्याला कळत नाही. त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. पडला नाही तर बदला.

काही ठिकाणी फेजची एकच वायर नेऊन जमिनीत ठोकलेल्या सळईचा न्यूट्रल म्हणून वापर करतात. हा प्रकार जीवघेणा आहे. बल्ब पेटतो, पण त्याचा सगळा करंट जमिनीतून परत जातो, म्हणजे बरोबर जनावरांच्या पायांखालून. अशा जोडणीवर आरसीसीबी टिकतच नाही आणि मग वायरमन ‘सारखा पडतोय’ म्हणून तोच काढून टाकतो!

केबल कोणती, किती जाडीची?

जमिनीखालून न्यायची तर आर्मर्ड केबल. भारतीय मानकांनुसार तिची खोली ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट हवी. खाली-वर वाळू, त्यावर विटा, म्हणजे उद्या कुणी कुदळ मारली तरी आधी वीट लागेल. केबलचं लोखंडी कवच अर्थिंगला जोडायला विसरू नका.

जाडी अंतरावर ठरते. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १२ ओहम. गोठा ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ०.७२ ओहम. बल्बला याने काही फरक पडत नाही. पण दोन एचपीची कडबाकुट्टी सुरू होताना क्षणभर ६० ॲम्पिअरच्या आसपास ओढू शकते आणि तेव्हा ४३ व्होल्ट वायरमध्येच जातात. मोटर नुसती गुरगुरते, तापते, जळते. चार चौरस मिलिमीटरमध्ये हीच घट १७ व्होल्टच्या आसपास येते.

आत काय पाहायचं?

लोखंडी खांब, पाइप, गव्हाणीची चौकट हे सगळं एकमेकांना आणि अर्थिंगला जोडा. वायर पाइपमधूनच न्या, उंदीर उघडी वायर सोडत नाहीत. दिवा बंद आवरणाचा, शिंगं पोहोचणार नाहीत इतका उंच आणि कडब्याच्या गंजीपासून लांब. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. खांबावरून आकडा टाकणं ही वीज कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार चोरी आहे.

फक्त रात्री एक दिवा हवा असेल तर हा सगळा खटाटोप कशाला? १२ व्होल्टचा सौर दिवा पुरतो. त्या व्होल्टेजला जनावर दगावण्याचा धोका जवळपास नसतो.

झटका बसलाच तर

माणसाला किंवा जनावराला हात लावू नका. आधी घरातला मेन स्विच बंद करा. गोठ्यातलं बटण नको, तिथपर्यंतची जमीनही करंटची असू शकते. मग १०८ ला फोन. माणूस श्वास घेत नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाब देत राहा. बाहेरची तार तुटून पडली असेल तर मेन बंद करून उपयोग नाही. लांब थांबा आणि वीज कंपनीला १९१२ वर कळवा.