जळालेल्या हॉटेलाचा वारसा

इमारत जळाली म्हणजे तिचा इतिहासही जळतो काय? ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँडच्या अंतर्भागांत विंटन नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील नॉर्थ ग्रेगरी हॉटेलांत ६ एप्रिल १८९५ रोजीं 'वॉल्ट्झिंग माटिल्डा' हें गीत प्रथम जाहीरपणें गाइलें गेलें, असें परंपरा सांगते. त्याच सुमारास डॅगवर्थ येथील मेंढपाळीच्या विस्तीर्ण इस्टेटीवर पाहुणा असतां बँजो पॅटर्सन या कवीनें तें रचिलें. आदल्याच वर्षीं, लोकर कातरणाऱ्या मजुरांच्या संपांत, तेथील कातरणीची शेड जाळण्यांत आली होती. मेंढी चोरून, पोलिसांच्या हातीं लागण्यापेक्षां पाण्यांत उडी घेणाऱ्या भटक्याची कथा त्या मुलुखास परकी वाटली नाहीं, यांत नवल तें काय!

ज्या भिंतींनीं तें गीत ऐकिलें, त्या मात्र आज उरल्या नाहींत. हॉटेल एकाहून अधिक वेळां आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें; १९४६ च्या आगीनंतर आजची इमारत उभी राहिली. विटांचें वय मोजणारा तिला वारसा म्हणावयास कचरेल. परंतु अशा गांवीं दूरदूरच्या कुरणांवरील माणसांना एकत्र येण्यास हॉटेल हीच चावडी असे. तेंच नांव आणि प्रवाशास उघडें असलेलें दार, हें सातत्य हाच तेथील खरा ठेवा. मात्र त्याचें जतन सत्यास धरून व्हावें. 'हीच ती इमारत' असें भासवून पाहुण्यास भुलविण्यापेक्षां 'ती येथें होती' एवढेंच सांगणें अधिक मोलाचें आहे.