पाठराखीण

पाठराखीण (स्त्री.) : लग्नानंतर नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिच्या सोबतीला माहेराहून जाणारी बाई किंवा मुलगी. ही आजी, आत्या, मावशी, बहीण किंवा एखादी घरोब्यातली शेजारीणही असते. यातली स्त्रीलिंगी ‘पाठ’ संस्कृत ‘पृष्ठ’वरून आलेली, धडा या अर्थाचा पुल्लिंगी ‘पाठ’ वेगळा. ‘राखणे’चे मूळ ‘रक्ष्’ धातूत आहे.

ही सोबत केवळ हौसेची नव्हती. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठरवले. त्याआधी आठ-नऊ वर्षांच्या मुली सर्रास बोहल्यावर चढत. एवढ्याशा पोरीला परक्या घरात रात्री कुशीत घेऊन निजणारे, तिची वेणी घालणारे, पाणी कुठे नि मोरी कुठे ते विचारून घेणारे कोणीतरी लागेच. नवरीला लाजेने भूक सांगता येत नसे, ती पाठराखीण सांगे. परतल्यावर सासरची माणसे कशी आहेत याची खरी खबर आईला तिच्याकडूनच मिळे. सासरचे लोक साडी किंवा खण देऊन तिची बोळवण करीत, त्यामागे हाही हिशेब असावा.

करवली निराळी, ती लग्नविधीत करा घेऊन उभी राहते. काही ठिकाणी मात्र तीच पुढे पाठराखीण होऊन जाते. सणासुदीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी, बहुधा भाऊच. जात्यावरच्या ओव्यांत भावाला पाठीराखा म्हटलेले आढळते आणि अभंगांत तो मान विठ्ठलाला मिळतो. राजकीय पक्षांचे आणि क्रिकेट संघांचे पाठीराखे त्यामानाने अलीकडचे.

‘पाठराखण’ हे त्या कामाचे नाव. पाठिंबा मताला, मागणीला, उमेदवाराला देतात. पाठराखण माणसाची करतात, आणि तीही त्याच्याकडे कोणी बोट दाखवल्यावर. ‘पाठबळ’ म्हटले की पैसा, माणसे, वजन असे काही हाती लागते. पाठराखणीत नुसते सोबत असणेही पुरते. वृत्तपत्री मराठीत या शब्दाला झाकपाकीचा वास लागला आहे. ‘मंत्र्यांकडून अधिकाऱ्याची पाठराखण’ असा मथळा वाचला की अधिकाऱ्याने काहीतरी केले असणार, हे वाचक धरूनच चालतो. दुबळ्याच्या रक्षणासाठी घडलेला शब्द बलवानांनी एकमेकांना सांभाळून घेण्यासाठी वापरावा, ही त्याची अधोगतीच म्हणायची.

मूळ प्रथा खेडोपाडी अजून आहे. सासरी सत्यनारायणाची पूजा आटोपली की नवरा-नवरी माहेरी यायला निघतात आणि त्याच गाडीतून पाठराखीणही परतते.