मॉकिंगबर्ड आणि ज्यूरीची नोंदवही

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. १९६१ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९६२ साली तिच्यावर चित्रपट निघाला. ग्रेगरी पेक यांनी त्यात साकारलेला वकील अ‍ॅटिकस फिंच आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्या पिढीलाही परिचित आहे. एका सज्जन वकिलाची कथा म्हणूनच ही कादंबरी बहुधा वाचली जाते. परंतु तिच्यामागचा इतिहास पाहू लागलो म्हणजे आपली दृष्टी वकिलावरून हलून ज्यूरीच्या बाकांवर खिळते. न्याय मागणारा कितीही थोर असो. न्याय द्यायला कोण बसले आहे, हाच अखेर कळीचा प्रश्न ठरतो.

कथानक थोडक्यात असे. अलाबामा राज्यातील मेकोम या काल्पनिक गावी टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो. न्यायाधीश अ‍ॅटिकसची त्याचा वकील म्हणून नेमणूक करतात. मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूस मार लागलेला असतो, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. आणि टॉमचा डावा हात तर लहानपणी कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. डावखुरा असतो तो मुलीचा बाप. पुरावा इतका स्वच्छ असूनही बारा गोरे पुरुष टॉमला दोषी ठरवतात. अपिलात काही आशा आहे असे अ‍ॅटिकसला वाटत असते; पण त्यापूर्वीच तुरुंगातून पळू पाहणाऱ्या टॉमवर पहारेकरी सतरा गोळ्या झाडतात. अपील उभेच राहत नाही. कादंबरी जेथे थांबते, तेथूनच पुढे खरा इतिहास सुरू होतो.

२५ मार्च १९३१ रोजी चॅटनूगाहून मेम्फिसकडे निघालेल्या मालगाडीत काही गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांची मारामारी झाली. मंदीचा काळ होता. कामाच्या शोधात अशी फुकट भटकंती करणारे पुष्कळ. अलाबामातील पेंट रॉक येथे गाडी अडवून नऊ कृष्णवर्णीय मुलांना पकडण्यात आले. त्यांतील सर्वांत लहान जेमतेम तेरा वर्षांचा. त्याच गाडीत सापडलेल्या व्हिक्टोरिया प्राइस आणि रूबी बेट्स या दोन गोऱ्या तरुणींनी आपल्यावर बलात्कार झाल्याचे सांगितले. स्कॉट्सबरो या गावी ६ एप्रिलला खटले सुरू झाले आणि अवघ्या चार दिवसांत नवांपैकी आठ जणांना देहान्ताची शिक्षा झाली. आरोपींना वकील होते, पण ते नावापुरते. तयारीला त्यांना वेळच मिळाला नव्हता.

येथून अपिलांची मालिका सुरू झाली. ७ नोव्हेंबर १९३२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॉवेल विरुद्ध अलाबामा या निकालात सांगितले, की देहान्ताच्या खटल्यात वकिलाची प्रत्यक्ष व परिणामकारक मदत न मिळणे म्हणजे न्यायाची रीतच मोडणे होय. खटले पुन्हा चालवण्याचा आदेश झाला.

दुसरा खटला १९३३ च्या वसंतात डिकेटर येथे न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांच्यापुढे चालला. रूबी बेट्सने या वेळी बचावाच्या बाजूने साक्ष दिली आणि बलात्कार झालाच नव्हता असे सांगितले. तरीही ज्यूरीने हेवूड पॅटरसनला पुन्हा मृत्युदंडच दिला. आपल्याकडे १९५९ साली नानावटी खटल्यात ज्यूरीचा कौल न पटल्यामुळे सत्र न्यायाधीशांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले होते, हे अनेक वाचकांना आठवत असेल. हॉर्टन यांना ज्यूरीचा कौल स्वतः रद्द करण्याचा अधिकार होता आणि २२ जून १९३३ रोजी त्यांनी तो वापरला. पुराव्याची सविस्तर छाननी करून त्यांनी फेरखटल्याचा हुकूम दिला. तेथे न्यायाधीश निवडणुकीने येत. १९३४ च्या निवडणुकीत मतदारांनी हॉर्टन यांना घरी बसवले. अ‍ॅटिकसचा खरा भाऊबंद शोधायचाच झाला, तर तो या न्यायासनावर सापडतो. कादंबरीतील नायकाचे पद मात्र अबाधित राहते. हॉर्टन यांना ते गमवावे लागले.

आणि तरीही मुलांची सुटका झाली नाही. नव्या न्यायाधीशांपुढे पुन्हा देहान्ताच्या शिक्षा झाल्या. तेव्हा बचावाचे वकील सॅम्युअल लाइबोविट्झ यांनी मूळ दुखण्यावरच बोट ठेवले : ज्यूरीची यादी. ज्या जॅक्सन काउंटीत आरोप ठेवले गेले, तेथे ज्यूरीवर कोणी कृष्णवर्णीय बसल्याचे जुन्याजाणत्यांनाही आठवत नव्हते. सरकारपक्षाने नोंदवही पुढे केली. तीत सहा कृष्णवर्णीयांची नावे होती. पण हस्ताक्षरतज्ज्ञाने दाखवून दिले, की ती नावे आधी ओढलेल्या लाल रेघांवर चढलेली आहेत, म्हणजेच ती मागाहून घातलेली आहेत. लाइबोविट्झ यांनी ती वहीच सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली आणि न्यायमूर्तींनी भिंगातून ती नावे न्याहाळली. १ एप्रिल १९३५ रोजी नॉरिस विरुद्ध अलाबामा या निकालात वंशावरून ज्यूरीतून वगळणे घटनाबाह्य ठरले.

शासकीय सेवेत ज्यांचे आयुष्य नोंदवह्या तपासण्यात गेले, त्यांना या प्रसंगाचे मोल वेगळे सांगायला नको. मागाहून घुसडलेली नोंद बोलकी असते. मोठमोठ्या युक्तिवादांनी जे साधले नाही, ते शाईच्या एका थराने साधले. कारण अन्याय केवळ लोकांच्या मनात राहत नव्हता. तो कार्यालयातील कपाटात, यादीच्या रूपाने बांधून ठेवलेला होता. मन बदलायला पिढ्या लागतात. यादी बदलण्याचा हुकूम मात्र काढता येतो.

हुकूम निघाला म्हणजे तो लगेच गावी पोचतो असे नाही. कादंबरीतील टॉमचा खटला १९३५ च्या उन्हाळ्यात चालतो, म्हणजे नॉरिस निकालानंतर अवघ्या काही महिन्यांनी. तरी मेकोमची ज्यूरी पूर्ण गोऱ्यांचीच आहे, आणि कृष्णवर्णीय प्रेक्षक वरच्या सज्जात उभे आहेत. हे वास्तवाला धरूनच होते. स्त्रियांना तर अलाबामात १९६६ पर्यंत ज्यूरीवर बसताच येत नव्हते. खटल्यानंतर अ‍ॅटिकस आपल्या मुलाशी ज्यूरीविषयीच बोलतो. गावातील प्रतिष्ठित माणसे ज्यूरीचे काम टाळतात, कारण कोणाला गिऱ्हाईक तुटण्याची भीती, तर कोणाला नसती उठाठेव नको असते. हा संवाद वाचक भराभर ओलांडून जातो; माझ्या मते कादंबरीचा गाभा तेथेच आहे.

हार्पर ली यांच्या घरालाही या प्रश्नाची झळ लागलेली होती. त्यांचे वडील अमासा ली यांनी १९१९ साली खुनाचा आरोप असलेल्या दोन कृष्णवर्णीयांचे, बापलेकांचे, वकीलपत्र घेतले होते. दोघेही फासावर गेले. त्यानंतर त्यांनी फौजदारी खटला कधी घेतला नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, पण आधी लिहिलेल्या ‘गो सेट अ वॉचमन’ या पुस्तकात तर वयोवृद्ध अ‍ॅटिकस वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या सभेत बसलेला दिसतो. अनेक वाचक त्यामुळे दुखावले. पण न्यायाचा सारा भार एका सज्जनाच्या खांद्यावर टाकला, म्हणजे तो खांदा केव्हा वाकेल याचा भरवसा नसतो, एवढे त्यातून शिकावे.

स्कॉट्सबरोच्या मुलांपैकी कोणालाही अखेर फाशी झाली नाही, पण आयुष्ये गेली. १९३७ साली चौघांवरील आरोप मागे घेतले गेले. शेवटचा, अँडी राइट, १९५० साली तुरुंगातून बाहेर पडला. क्लॅरेन्स नॉरिसला १९७६ साली माफी मिळाली, आणि उरलेल्या तिघांना मृत्यूनंतर, २०१३ साली. टॉम रॉबिन्सनच्या मरणाने वाचकाचे डोळे पाणावतात आणि ते योग्यच आहे. मात्र टॉमसारख्याला खरोखर वाचवायचे तर त्या अश्रूंबरोबर ज्यूरीची वही उघडून पाहणारा कोणीतरी लागतो. तिच्यात कोणाची नावे नाहीत, हे विचारणारा लागतो.