जनुकाची कळ

सजीवांच्या बहुतेक पेशींत जनुकांचा सबंध संच असतो. पण कोणत्या जनुकानें केव्हां जागें व्हावें व केव्हां निजावें, हें त्यालगतचा ‘प्रवर्तक’ नांवाचा भाग ठरवितो. ही कळ हातीं यावी म्हणून मनुष्यानें केलेले पहिले प्रयत्न ओबडधोबड होते. कोणी पेशींना उष्णता देई, कोणी जड धातु, कोणी हार्मोन. १९८२ सालीं अमेरिकेंत पामिटर, ब्रिन्स्टर व त्यांचे सहकारी यांनीं धातूंनीं जागा होणारा प्रवर्तक वाढीच्या हार्मोनच्या जनुकास जोडला, आणि थोराड उंदीर निपजले. परंतु धातु इतर जनुकांनाहि उठवी. एक खोली उघडावयास जावें आणि सारा वाडा जागा व्हावा, तशांतली ती गत.

नेमकी कळ जंतूंपाशीं होती. १९४८ मध्यें लेडर्ली प्रयोगशाळेंतील बेंजामिन डगर यांनीं मिसुरीच्या मातींतील सूक्ष्मजीवापासून मिळविलेलें ऑरिओमायसिन जाहीर केलें. टेट्रासायक्लीन कुळांतील हें पहिलें औषध; त्या संशोधनाची धुरा आंध्रांतील यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती, हें येथें सांगावयास हवें. कांहीं जंतूंपाशीं तें औषध बाहेर फेकणारा पंप असतो. पण तो सदा चालविणें त्यांना परवडत नाहीं. म्हणून एक प्रथिन पंपाच्या जनुकावर पहारा करतें. औषध आंत येऊन त्याला चिकटलें कीं पहारा उठतो आणि पंप तयार होतो.

१९९२ मध्यें हायडेलबर्ग येथील मान्फ्रेड गॉसेन व हेर्मान बुयार्ड यांनीं हा पहारेकरी मानवी पेशींत नेला. मात्र त्याला त्यांनीं हर्पीस विषाणूंतील, जनुकें जागविणारा एक प्रथिनखंड जोडला. पहारेकऱ्याचा भालदार झाला! आतां औषध नसतांना जनुक चाले, औषध देतांच थांबे. काजव्याच्या प्रकाशाचें जनुक लावून मोजतां दोहोंतील अंतर १ लाख पटींपर्यंत भरलें. १९९५ मध्यें त्या प्रथिनांतील अवघीं चार अमिनो आम्लें बदलून उलटी कळहि साधली. डॉक्सिसायक्लीन दिलें कीं जनुक चालू.

कळीचें खरें मोल बंद करण्यांत होतें. हंटिंग्टन रोगांत मेंदू झिजत जातो. एकदां जडलेला हा रोग मागें हटतो काय, हें कोणास ठाऊक नव्हतें. २००० मध्यें कोलंबिया विद्यापीठांतील यामामोतो, लुकास व हेन यांनीं हें सदोष जनुक उंदरांच्या मेंदूंत अशा कळीखालीं ठेवलें. प्रथिनाच्या गांठी झाल्या, हालचाल बिघडली. मग पाण्यांतून डॉक्सिसायक्लीन देऊन जनुक थांबविलें. गांठी विरल्या, आणि उंदरांची हालचाल सुधारली.