कॉमेंट ओळी वगळणे (फाइलवाचन)
मजकुराची फाइल ओळीओळीने वाचताना माणसांसाठी लिहिलेल्या ओळी ओलांडून फक्त माहितीच्या ओळी घेणे. ऑक, पर्ल, पायथन यांत ओळीचे पहिले अक्षर # असेल तर पुढची ओळ घ्यायची, अशी रूढ पद्धत आहे; ती अपुरी आहे. कॉमेंट कोणती हे स्क्रिप्टची भाषा ठरवत नाही, वाचली जाणारी फाइल ठरवते. ग्लिबसी या सी लायब्ररीच्या मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाच्या संकेतांच्या) फाइलीत कॉमेंटचे चिन्ह % आहे. टाइम झोन डेटाबेसात # ओळीच्या मध्येही येतो आणि तिथून पुढचा मजकूर कॉमेंट होतो. मात्र दुहेरी अवतरणातला # माहितीचाच भाग. त्यामुळे # दिसेल तिथे ओळ तोडणारी स्क्रिप्टही चुकते. याच डेटाबेसाच्या 'झोन.टॅब' फाइलीत तर स्तंभांची नावेच # लावलेल्या ओळींत आहेत.

वगळलेले ते निरुपयोगी, हा समज याच डेटाबेसातील भारताच्या नोंदीपुढे टिकत नाही. माहितीच्या ओळींनुसार एशिया/कोलकाता 1906 पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे (युद्धकाळातला बदल सोडून). मुंबईत मात्र 4 तास 51 मिनिटांचा बॉम्बे टाइम 1955 पर्यंत चालला. या झोनवर विसंबलेली स्क्रिप्ट 1930 सालच्या बॉम्बे टाइमातल्या नोंदीत 39 मिनिटांनी चुकेल. स्थानिक वेळ जाणार म्हणून जानेवारी 1906 मध्ये गिरणी कामगारांनी केलेल्या दंग्याचा उल्लेख फाइलीत आहे, पण कॉमेंटमध्ये. हीच तफावत मुंबईबाहेरही दिसते: भायंदरच्या पश्चिमेचे उत्तन साधारण 72.8 पूर्व रेखांशावर. अंशामागे चार मिनिटे धरली की तिथली सूर्यवेळही तीच, 4 तास 51 मिनिटे, येते. संगणकाला उत्तनसाठी एशिया/कोलकाता एवढेच ठाऊक.

यावर आक्षेप असा की कॉमेंट ऐकीव असू शकते, प्रोग्रॅमने तिच्यावर का विसंबावे? विसंबू नयेच. परंतु बॉम्बे टाइम माहितीत नाही तो खोटा ठरला म्हणून नव्हे: 1970 नंतर ज्यांची घड्याळे वेगळी चालली अशाच प्रदेशांना स्वतंत्र झोन द्यायचा, हा डेटाबेसाचा नियम आहे. तेव्हा स्क्रिप्टने ओळ ओलांडावी. फाइल जपणाऱ्याने, जागा वाचवण्यासाठीसुद्धा, ती पुसू नये.

रिकाम्या ओळी: सहसा याच टप्प्यावर गाळतात.